राखाडी फरशीचा डबा

आमचा थोरला मुलगा लोकांच्या भिंती पाडतो, जुनी बाथरूम उखडतो, नवी बांधतो. पण गिऱ्हाइकाकडे हप्ता मागायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटते. सहा फुटांचा गडी. हातात घण घेतला की समोरच्या घरातली माणसं खिडक्या लावून घेतात. तोच गडी पैसे आणायला जातो, पेलाभर पाणी पितो, समोरच्याच्या धंद्यापाण्याची चौकशी करतो आणि हात हलवत परत येतो. काय झालं विचारलं तर म्हणतो, "राहू द्या म्हटलं, बघू नंतर." या 'बघू नंतर'मध्ये आमची तीन कामं बुडाली आहेत.

म्हणून त्याचे वडील गेल्यावर धंद्याचा पैसा मी माझ्या हातात घेतला. मी चौथीपर्यंत शिकले, तीही पुरती नाही. अक्षरं आणि मी एकमेकांना ओळखतो, पण भेटलो की बोलणं होईलच असं नाही. आकड्यांशी मात्र माझं पक्कं जमतं. आणि माझी पद्धत अशी आहे की शिकलेल्यांनी येऊन बघावी. प्रत्येक गिऱ्हाइकाचा बिस्किटाचा एक रिकामा डबा. झाकणावर नाव नाही. आत त्या घरात बसणार असलेल्या फरशीचा तुकडा. हिरवा तुकडा म्हणजे वकीलबाईंचं स्वयंपाकघर, विटकरी म्हणजे कोपऱ्यावरच्या शिंप्याची गच्ची. काम ठरलं की आगाऊ रक्कम डब्यात. तोडफोड आणि नळ त्यातून. फरशी आणायच्या आधी दुसरा हप्ता, काम संपलं की शेवटचा. एका डब्यातला पैसा दुसऱ्याच्या घरात जायचा नाही, हा माझा नियम. तो मी इतक्या लोकांना ऐकवला आहे की काहीजण मला लांबून पाहूनच रस्ता ओलांडतात.

अकरा वर्षांत एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. झाला तो यंदा, आणि तो मी केला.

झालं असं, की यंदा जो तो राखाडी फरशी मागत होता. का ते मला कळलेलं नाही. लोकांना आपल्याच घरात आभाळ भरून आल्यासारखं राहावंसं वाटतं, त्याला मी काय करणार? आमचे एक दातांचे डॉक्टर आहेत, त्यांच्या मोठ्या बाथरूमला राखाडी ठरली. त्यांचा डबा तोडफोडीत आणि नळांत रिकामा होत आला होता, आणि दुसरा हप्ता थोरल्याने मागायचा होता. त्यानंतर आले घड्याळवाले भाऊ. कपाटाएवढ्या दुकानात बसून घड्याळं दुरुस्त करतात. बायको तीन महिने इस्पितळात. शनिवारी तिला घरी पाठवणार होते. तिथे आता करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. एखादं घड्याळ पुन्हा चालणार नाही हे गिऱ्हाइकाला सांगावं, तितक्या शांतपणे त्यांनी ते थोरल्याला सांगितलं. बाथरूमचा उंबरठा काढायचा, दार रुंद करायचं, भिंतीला धरायला दांडा, खाली पाय न घसरणारी फरशी. "बाकी काही नको," ते म्हणाले. "तिला स्वतःचं स्वतः आत जाता आलं पाहिजे. तिकडे सगळं परक्या हातांकडून करून घ्यावं लागतं. तिला लाज वाटते."

आणि त्यांनीही राखाडीच निवडली.

त्या दिवशी मी भाचीकडे गेले होते. माझ्या माघारी सुनेने अगदी नियमाप्रमाणे नवा डबा केला, भाऊंनी फरशीसकट दिलेली आगाऊ रक्कम ठेवली, वर राखाडी तुकडा टाकला आणि डबा फळीवर पुढे लावला. तिची काही चूक नाही. हे मी तुम्हाला सांगते. तिला सांगणार नाही.

मी आले, झाकण उघडलं, तर राखाडी डबा काठोकाठ भरलेला. माझ्या मनात एकच गोष्ट आली: पोराने डॉक्टरकडे हप्ता मागितला. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी का होईना, मागितला. मी शेजारच्या तिघींना जाऊन सांगितलं. जेवताना त्याला आग्रह करून वाढलं आणि म्हटलं, "डॉक्टरशी नीट बोललास वाटतं." तो मान खाली घालून म्हणाला, "हो, बोललो." बोलला होताच. डॉक्टरच्या नव्या गाडीबद्दल बोलला होता, हे पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी मी फरशीच्या दुकानदाराला डॉक्टरच्या फरशीचे पैसे रोख मोजून दिले. फरश्या डॉक्टरच्या सज्जात जाऊन पडल्या. मंगळवारी सकाळी थोरला म्हणाला, "आई, घड्याळवाल्यांची फरशी आणायला निघतो, डबा दे." मी कुठला डबा विचारलं. तो म्हणाला, "राखाडी. पुढचा." मी पुढचा डबा हलवला. आत फरशीचा तुकडा खुळखुळला, एकटाच.

त्याच्या मागे डॉक्टरचा डबा उभा होता, त्यातही राखाडीच तुकडा. शनिवारला चार दिवस होते. एक बाई इस्पितळातून निघणार होती, आणि तिच्या बाथरूमचे पैसे दुसऱ्याच्या सज्जात रचून ठेवले होते.

थोरला म्हणाला, मी डॉक्टरकडून हप्ता घेऊन येतो. गेला, आणि एक नवा कोरा दात घासायचा ब्रश घेऊन आला. डॉक्टरांनी भेट दिला म्हणे. मी चप्पल पायात सरकवली आणि स्वतः निघाले.

दवाखान्यात सात माणसं गाल धरून बसली होती. दारातल्या मुलीला म्हटलं, डॉक्टरांना भेटायचंय, अर्जंट आहे. तिने नंबर दिला. मीही बसले, आणि संतापाने कानशील ठणकायला लागलं म्हणून हात गालाला लावला. तिथे चुकलं. मुलीने आत काय सांगितलं देव जाणे; नंबर आला, मी खुर्चीत बसले, तर खुर्ची आपली आपण मागे कलली. माझं आयुष्य लोकांना उभं करण्यात गेलंय, मला कुणी असं आडवं केलेलं नाही. मी म्हणायला गेले, "अहो डॉक्टर, हप्त्याचं," आणि 'चं'ला तोंड उघडलं तिथेच त्यांनी आत आरसा घातला. त्यांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. आत बघून "अरे बापरे" म्हणाले, सुई टोचली आणि दाढ काढली. पाच मिनिटांत सगळं आटोपलं. आमचं एकही काम कधी इतक्या वेळेवर संपलेलं नाही.

तोंडात कापसाचा बोळा, अर्धं तोंड बधिर. मी त्यांचा कागद ओढला आणि त्यावर चौकोन चौकोन काढून फरशी दाखवली, खाली हप्त्याचा आकडा लिहिला. मग त्यांना उलगडा झाला. त्यांनी मोबाईलमध्ये आमच्याच कराराचा कागद दाखवला. मी सांगितलं होतं 'फरशी आणायच्या आधी'; तिथे लिहिलं होतं 'फरशी बसवून झाल्यावर'. खाली थोरल्याची सही.

"मी नुसतं विचारलं, त्यांनी लगेच बदलून दिलं," डॉक्टर म्हणाले. "फार सज्जन माणूस. दाढेचे पैसे आपण त्याच हप्त्यातून वळते करू."

मला उत्तर सुचलं होतं, चांगलं झणझणीत. बोळ्यातून ते लाळेसारखं बाहेर आलं.

घरी आले तेव्हा मला बोलता येत नव्हतं. सुनेने शेजारणीला फोन करून ते सांगितलं, मी ऐकलं. मी थोरल्याला खुणेने टेम्पो काढायला लावला. डॉक्टरच्या घरी त्यांच्या बायकोने दार उघडलं. मी समजावू लागले, त्यांना वाटलं मी रडते आहे; त्यांनी मला खुर्ची दिली, पाठीवरून हात फिरवला. शेवटी थोरला त्यांच्या पायपुसण्याकडे बघत म्हणाला, "या फरश्या दुसऱ्यांच्या पैशांच्या आहेत. चुकून इथे आल्या. घेऊन जातो." आणि घेऊन आला. उभ्या जन्मात त्याने कुणाकडे काही मागितलं असेल तर ते एवढंच.

गवंडी आणि थोरला तीन दिवस खपले. शुक्रवारी संध्याकाळी दांडा बसला. मी स्वतः लोंबकळून बघितला, हलला नाही. गुरुवारी डॉक्टरांचा निरोप आला होता, की आता ते दुसरा माणूस बघतील. ते काम गेलं. दाढेचं बिल वेगळं आलं.

आता गवंड्याची मजुरी आणि नळवाल्याची उधारी, सगळं भाऊंच्या शेवटच्या हप्त्यावर अडलं होतं. गवंडी दोनदा दारात येऊन गेला. सोमवारी मी थोरल्याला म्हटलं, चल माझ्याबरोबर, पैसे कसे मागतात ते डोळ्यांनी बघ.

भाऊंनी दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. बाथरूमचं नवं दार बंद होतं.

"आत आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "अर्धा तास झाला. काही हवं का विचारलं तर म्हणाली, मी कडी लावलीय, तुम्ही तुमचं काम करा." त्यांना हसू आलं आणि ते मध्येच थांबलं. "तीन महिन्यांत पहिल्यांदा तिने कडी लावली, ताई."

मग त्यांना आठवण झाली. हिशोबाचं राहिलंच म्हणत ते कपाटाकडे गेले, खण ओढला. खणात गोळ्यांची पाकिटं, त्यांखाली इस्पितळाचे कागद, त्यांखाली एक पाकीट. ते उचलायच्या आधी त्यांनी तळहाताने चाचपून बघितलं, किती जाड आहे ते. आतून नळाचा आवाज आला. कुणीतरी सावकाश, घाई नसल्यासारखं हात धूत होतं.

"राहू द्या भाऊ," कुणीतरी म्हणालं, "बघू नंतर."

आवाज माझा होता. मी पेलाभर पाणी प्यायले, दुकान कसं चाललंय ते विचारलं आणि जिना उतरले.

थोरला मागून येत होता. दोनदा खोकला, आणि त्याला सर्दी नव्हती. टेम्पोपाशी मी वळले.

"तू धंद्याला नालायक आहेस," मी म्हटलं. "आणि कुणावर गेलायस ते तुझ्या बायकोला कळता कामा नये."