सावळटेक स्टेशनचा पाळणा

माणसाला उंच चढण्याची हौस असतेच, पण दुसऱ्याला चढण्याच्या कष्टातून सोडवण्याची हौस त्याहूनही मोठी असते. ती खुर्चीवर बसूनही भागवता येते, म्हणून ती कचेऱ्यांतून विशेष आढळते. माझी चाळीस वर्षांची नोकरी अशा हौशी माणसांच्या हाताखाली गेली आणि मी त्यांचा ऋणी आहे. आता पेन्शनीत बसल्या बसल्या त्यांतल्या एका थोर कार्याची हकीगत लिहून ठेवतो. रेल्वे कंपनीचे नाव सांगत नाही. पेन्शन चालू आहे.

सन १९२७ मध्ये मी पश्चिम खानदेशात सावळटेक स्टेशनावर तारबाबू होतो. स्टेशनाला चार सिग्नल होते. प्रत्येक खांब छत्तीस फूट उंच, त्यावर लाकडी हात आणि हातामागे रॉकेलचा दिवा. रोज दिवस कलताना दोधू बत्तीवाल्याने शिडीने वर जावे, काच पुसावी, वात कातरावी, तेल भरावे, दिवा लावून खाली यावे, असा प्रघात होता. दोधू हे काम सतरा वर्षे करत होता. तो जवळच्याच गावचा, पन्नाशीचा, उन्हाने वाळलेला गडी. सतरा वर्षांत तो एकदाही पडला नव्हता, त्यामुळे त्याच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

मात्र त्या साली कचेरीत एक तक्ता तयार झाला. विभागातील बत्तीवाल्यांचे वर्षभरातील अपघात: तीन. (पैकी एक शिडीवरून, एक अक्कलकुव्याच्या बाजारातून परतताना बैलगाडीवरून, आणि एक स्वतःच्या मुलीच्या लग्नात, मांडव बांधताना.) तिन्ही अपघात उंचीवरून झाले होते, तेव्हा उंची धोक्याची आहे हे सिद्ध झाले. सिग्नलवाले साहेब हळव्या मनाचे होते. त्यांनी तीन महिने खपून एक यंत्र काढले.

यंत्र मोठे गुणी होते, हे मी आजही म्हणेन. खांबाला दोन उभ्या सळया, त्यांवरून सरकणारी लोखंडी चौकट, वर चाक, चाकावरून साखळी आणि खाली हँडल. हँडल फिरवले की चौकट दिव्यासकट खाली येणार. दिव्याची सेवा जमिनीवर उभे राहून करायची. उलटे फिरवले की दिवा वर. एकूण भाग बेचाळीस. कागदोपत्री त्याचे नाव 'भूमिस्थ दीपसेवा उपकरण' होते. गावातल्या बायका चौकट बघायला आल्या आणि त्यांनी तिला पाळणा म्हटले. तेच नाव टिकले.

यंत्राबरोबर चौसष्ट पानांचे पुस्तक आले आणि हुकूमही आला. हुकमातली कलमे आठवतात तशी देतो. सहा महिने यंत्राची परीक्षा व्हावी. त्या मुदतीत कोणीही खांबावर चढू नये. शिडी असली की माणसाला चढण्याचा मोह होतो, सबब प्रत्येक शिडीचा खालचा नऊ फुटांचा तुकडा कापून टाकावा. रोज किती वेळा चढावे लागले याची नोंदवही ठेवावी. सहा महिन्यांत ही संख्या शून्य भरल्यास बत्तीवाल्याची गरज नाही असे समजून त्याला कमी करावे. शून्य न भरल्यास बत्तीवाल्याने हुकूम मोडला असे समजून त्याला काढून टाकावे.

हे शेवटचे कलम मी दोधूला दोनदा वाचून दाखवले. तो म्हणाला, म्हणजे दोन्हीकडून जाणार मीच. मी म्हटले, होय, पण कमी करणे आणि काढून टाकणे यांत फरक आहे. कमी केलेल्याला चांगल्या वर्तणुकीचा दाखला मिळतो. त्याची बायको गजराबाई शेजारी उभी होती. तिने विचारले, तो दाखला शिजतो का? बाई अडाणी असली की कचेरीचे काम समजावणे फार कठीण जाते.

आश्विनात यंत्र सुरू झाले. पहिले तीन आठवडे ते खरोखर चालले, आणि दोधू जमिनीवर उभा राहून दिवे पुसत असे तेव्हा आम्हा सर्वांना भरून येई. मग तेलाचा प्रश्न निघाला. पुस्तकात लिहिले होते की साखळीला रोज जनावराची चरबी लावावी. स्टेशनाला माल पुरवणारे जेठमल शेठ जैन होते. त्यांनी हात जोडून सांगितले की असली वस्तू आमच्या दुकानाच्या पायरीवरही चढणार नाही. शेंगदाण्याचे उत्तम तेल देतो, आम्ही स्वतः खातो. स्टेशन मास्तर बन्सीलाल यांनी विचार केला की जे शेठजींना चालते ते साखळीला का चालू नये. त्या दिवसापासून साखळीला शेंगदाण्याचे तेल लागू लागले. ती झकास चकाकत असे.

कार्तिकात कापूस निघाला. कळसाडीकडून, शहाद्याकडून गाड्यांमागून गाड्या येऊन मालधक्क्यावर रांगा लागल्या. त्या दिवसांत सावळटेकला हवाच पांढरी असे. जेवताना भाकरीवरचे तंतू वेचावे लागत. ते तंतू तेलकट साखळीवर बसले, वरून धूळ बसली, त्यावर पुन्हा तेल घातले गेले, आणि पंधरा दिवसांत साखळी मनगटाएवढी जाड झाली. एका दुपारी नंबर एकचा पाळणा सतरा फुटांवर येऊन थांबला. तो वरही जाईना आणि खालीही येईना. त्याच आठवड्यात बाकीच्या तिघांनी त्याचा कित्ता गिरवला.

आम्ही तातडीने कळवले की साखळी अडकते. उलट टपाली उत्तर आले की पुस्तकाच्या सतराव्या पानावर साखळी अडकत नाही असे स्वच्छ नमूद आहे, तेव्हा तक्रार कोणत्या साखळीबद्दल आहे ते कळवावे. मास्तर घाबरले. साहेबांचे यंत्र बिघडवणाऱ्या मास्तरांची बदली कुठे होते हे त्यांना माहीत होते. (कुठे ते कोणीच सांगत नसे, म्हणूनच भीती जास्त.)

पण गाड्या यायच्या थांबल्या नव्हत्या आणि त्यांना दिवा दिसायला हवा होता. तेव्हा दोधू पुन्हा चढू लागला. खालचे नऊ फूट शिडी नाही, म्हणून गजराबाई घरची खाट डोक्यावर घेऊन यायची, खांबाला उभी टेकवायची आणि घट्ट धरून ठेवायची. खाटेवरून उरलेल्या शिडीवर, शिडीवरून चौकटीपर्यंत, तिथून दिवा काखेत मारून माथ्यापर्यंत. उतरतानाही खाट लागेच, म्हणून तो वर असेतोवर गजराबाई हलत नसे. मग खाट डोक्यावर घेऊन पुढचा खांब. श्रमाची तुलना मी त्या वेळी कागदावर मांडली होती. यंत्रापूर्वी: माणूस एक. यंत्रानंतर: माणूस एक, बाई एक, खाट एक. प्रगती म्हणतात ती हीच.

"दिवा खाले येस, हाई खरं शे, बाबू," दोधू मला एकदा म्हणाला. "पण त्याले आनाले मीच वर जास."

त्याचे म्हणणे मी नोंदवहीत घेऊ शकलो नाही, कारण तसे सदर नव्हते. सदर एकच होते: चढण्याची संख्या. खांबावर चढायला बंदी होती. बंदी असलेली गोष्ट आमच्या स्टेशनावर होत नसे. सबब मी रोज 'निरंक' लिहीत असे. अक्षर माझे वळणदार होते. कार्तिक ते फाल्गुन मिळून साधारण सव्वाशे दिवस, दिवसाला चार खांब, म्हणजे पाचशेच्या आसपास निरंक भरले.

होळी झाली आणि आठव्या दिवशी साहेब स्वतः पाहणीला येणार अशी तार आली. ती मीच घेतली, तेव्हा घाम मलाच पहिला फुटला. साखळी धुऊन पाहिली, रॉकेलने भिजवून पाहिली. ती हलली नाही. अखेर मास्तरांनी युक्ती काढली. नंबर एकच्या पाळण्यापासून आणि हँडलपासून साखळी सोडवून ठेवायची. पाळण्याला विहिरीवरच्या मोटेचा जाड नाडा बांधायचा. दोधूने माथ्यावर बसायचे. साहेब हँडल फिरवतील, मी खोकेन, आणि खोकला ऐकला की दोधूने नाडा ओढायचा.

सकाळी नवाच्या सुमारास दोधू वर गेला. गजराबाईने खाट धरली, आणि तो वर पोहोचताच मास्तरांनी तिला खाटेसकट घरी पाठवले; साहेबांच्या दृष्टीस खाट पडणे बरे नव्हते.

साहेबांची खास गाडी साडेअकराला आली. मास्तरांनी त्यांना अशा बेताने उभे केले की खांबाकडे पाहिले की सूर्य डोळ्यांत यावा. साहेबांनी हँडलला हात घातला. मी खोकलो. पाळणा लोण्यासारखा वर सरकला. साहेब थक्क झाले. त्यांनी हात काढून एका बोटाने फिरवून पाहिले, तेवढ्यानेही चालले. उत्साहाच्या भरात त्यांनी हँडल उलटे फिरवले, माझा खोकला थांबेना, आणि पाळणा वरच गेला. त्यावर साहेबांनी टिपण केले की उपकरण दोन्ही दिशांनी सारखेच चालते, हा गुण योजनेत नव्हता.

मग त्यांनी डोळ्यांवर हात धरून विचारले, वर ते पांढरे काय आहे? दोधूचे धोतर वाऱ्यावर हलत होते. मास्तर म्हणाले, कापूस, साहेब. या भागात फार उडतो. साहेबांनी दुसरे टिपण केले: माथ्यावर कापूस साठला आहे, तो सवडीने काढावा.

नंतर साहेबांनी तिथेच, खांबाच्या बुंध्याशी उभे राहून, दोन शब्द सांगितले. आज मनुष्यजात शिडीच्या गुलामीतून सुटली, असे ते म्हणाले. नोंदवही त्यांनी चाळली. पाचशे निरंक पाहून त्यांचे डोळे पाणावले. परीक्षा पुरी झाली, यंत्र सर्व स्टेशनांवर बसेल, आणि येथील बत्तीवाल्याला येत्या एक तारखेपासून कमी करावे, असे त्यांनी मोठ्याने जाहीर केले. छत्तीस फुटांवर सहज ऐकू जाईल असा त्यांचा आवाज होता.

इथे मी थोडे माझे कौतुक करणार आहे. दोधूची रोटी जावी असे मला वाटत नव्हते, आणि खोटे लिहिण्याचा मला पाच महिन्यांचा सराव झाला होता. साहेब मास्तरांच्या घरी जेवायला बसले. तूरडाळीची खिचडी, वर तेल, आणि नंदुरबारच्या मिरचीचा ठेचा. ठेच्याने साहेबांचे नाक-डोळे वाहू लागले आणि सह्या करण्यासाठी त्यांना कागद दिसेनासा झाला. नेमक्या त्या घडीला मी यंत्राच्या भागांची यादी पुढे सरकवली. बेचाळीस भाग पुस्तकातले होते. त्रेचाळीसावा मी लिहिला होता: 'दोधू, नग एक, वापरलेला, चालू स्थितीत.'

साहेबांनी सही केली. प्रश्न सुटला. बत्तीवाल्याला कमी करता येते, पण यंत्राचा भाग कमी करायला यंत्र काढणाऱ्याची परवानगी लागते, आणि आपल्या यंत्रातला भाग अनावश्यक आहे असे कोणता साहेब लिहून देईल? दोधूचे पोट आता तेल-चिंध्यांच्या सदरात बसले. भागाला रजा नसते, ताप येत नाही, तो म्हातारा होत नाही, झिजतो. दर मार्चअखेर सामानाच्या मोजणीला दोधूने तेलाच्या डब्यांशेजारी उभे राहायचे आणि मोजणाऱ्याने त्याच्यावर खडूची खूण करायची, असे ठरले. पुढे इतर स्टेशनांनीही आपापल्या यंत्रांना त्रेचाळीसावा भाग मागून घेतला. (एका स्टेशनाने दोन मागितले, एक गंजला होता.)

साहेबांची गाडी चार वाजून दहा मिनिटांनी हलली. मास्तरांनी सुटकेचा श्वास टाकला. जेठमल शेठांकडून पानांचा पुडा आला, तो आम्ही फलाटावरच सोडला. मास्तर म्हणाले, बाबू, तुमच्या डोक्याला तोड नाही. मलाही तसेच वाटत होते. मग आत येऊन मी सविस्तर अहवाल लिहायला घेतला.

पाच वाजून गेल्यावर दारात सावली आली. गजराबाई डोक्यावर खाट घेऊन उभी होती. दिवे लावायची वेळ झाली म्हणून ती नेहमीसारखी आली होती, आणि खांबाजवळून आली होती.

"बाबू, मन्हा माणूस वर शे," ती म्हणाली. "आनि तुम्ही पान खाई ऱ्हायनात."

आम्ही धावलो. दोधू माथ्यावर नाडा हाताला गुंडाळून बसला होता. नवापासून पाच, म्हणजे आठ तास, चैत्राच्या तोंडाचे ऊन, जवळ थेंबभर पाणी नाही. खाटेशिवाय त्याला उतरता येत नव्हते, आणि हाक मारावी तर सगळा डाव उघडा पडून त्याची नोकरी जात होती. नंबर एकचा दिवा लावून तो खाली आला तेव्हा त्याचे गुडघे सरळ होईनात आणि ओठांतून शब्द फुटेना. दोन तांबे पाणी पिऊन त्याने विचारले की गाडीला वेळ किती आहे, आणि उरलेले तीन दिवे लावायला तो निघाला. गजराबाई खाट घेऊन पुढे गेली. मला माझी शरम वाटली. ती मी कुठेच नोंदवली नव्हती, ती इथे नोंदवतो.

साहेब त्याला विसरले, कारण त्यांना तो माहीतच नव्हता. मास्तर विसरले, त्यांच्यापुढे बदली उभी होती. मी विसरलो, मला अहवाल लिहायचा होता. तुम्हांला काय अडचण होती? दोधू सकाळी नवाला वर गेला हे मी तुम्हांला सरळ मराठीत सांगितले होते, खाट परत पाठवली तेही सांगितले होते. त्यानंतर तुम्ही साहेबांच्या पंगतीला बसलात, ठेच्याला हसलात, त्रेचाळीसाव्या भागाला हसलात, फलाटावर आमच्याबरोबर पानही खाल्लेत. मधल्या वेळात ज्या कोणा वाचकाच्या मनात एकदा तरी आले असेल की अहो, आधी त्या माणसाला खाली घ्या, त्याने मला पत्र टाकावे. ती नोंदवही अजून माझ्यापाशी आहे आणि एक पान कोरे आहे. तूर्त तिथे मी 'निरंक' लिहून ठेवले आहे.