माझ्यावर मीच लिहिलेलं आरोपपत्र

यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. अख्ख्या हिंदुस्थानात कामगार कायद्याचा असा एकच विद्यार्थी झाला, ज्यानं स्वतःवर आरोपपत्र लिहिलं, स्वतःची चौकशी चालवली, स्वतःचा बचाव केला आणि स्वतःलाच नोकरीवरून काढलं. तो मी, कृष्णकांत. आमच्या शेजारचा शरच्चंद्र परवा पोस्टाने कायदा शिकायचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा त्याला ओसरीवर बसवून मी हेच ऐकवलं. माझी बायको सुमती बाजूलाच तूरडाळ निवडत होती.

साल बहात्तर. नागपूरच्या एका सूतगिरणीत मी टाइमऑफिसचा कारकून. लोकांच्या हजेऱ्या मांडायच्या आणि उरलेल्या वेळात भोंग्याची वाट पाहायची. अकरा वर्षं हेच चाललं होतं. यातून वर यायचं म्हणून पोस्टाने कामगार कायद्याचा डिप्लोमा करायला घेतला. दिल्लीहून महिन्याला एक पाठ यायचा, शेवटी स्वाध्याय, तो सोडवून परत धाडायचा. पहिल्या सहा पाठांतच मी इतका तरबेज झालो, की भाजीत मीठ कमी पडलं तर सुमतीला ‘कारणे दाखवा’ नोटीस द्यायचो.

सातव्या पाठाचा स्वाध्याय होता: कामावर झोपलेल्या कामगारावर आरोपपत्र तयार करा.

आता नाव कोणाचं टाकू? कताई खात्यातल्या एखाद्याचं टाकलं आणि त्यानं पाहिलं, तर त्यानं मलाच सुतासारखं चातीवर गुंडाळलं असतं. म्हणून स्वतःचं टाकलं. पैकीच्या पैकी गुण मिळावेत म्हणून तपशील भरगच्च दिला. तीन तारखा, उशाला हजेरीचं रजिस्टर, आणि घोरणं असं की शेजारच्या खात्यातले लोक भोंगा झाला समजून डबे उघडून बसले. गिरणीच्या टाइपरायटरवर, गिरणीच्याच छापील कागदावर सगळं टाइप केलं आणि पाकीट आणायला पाच मिनिटं उठलो.

आमच्याकडे रीत अशी, की टेबलावर टाइप केलेला कागद दिसला की शिपाई नत्थूजींनी तो उचलून मॅनेजरसाहेबांपुढे न्यायचा आणि साहेबांनी सही करायची. वाचायची रीत नव्हती. मी परत आलो तर टेबल रिकामं, आणि समोर नत्थूजी उभे. हातात तोच कागद, खाली गोपाळराव साहेबांची लांबलचक सही.

"कृष्णकांतजी, घ्या जी. तुमच्यावर निघालं."

"नत्थूजी, हे मीच लिहिलं आहे."

"असंन. नाव तुमचं आहे, सही साहेबाची आहे. वहीत तुमची सही करा, मले चहाले जायचं आहे."

केली सही. पाचव्या पाठात शिकलो होतो, नोटीस नाकारणं हा वेगळा गुन्हा.

तसाच साहेबांकडे धावलो. "साहेब, हा माझा अभ्यास आहे. मी झोपलोबिपलो नाही."

गोपाळरावांनी चष्मा कपाळावर सारला. "सही कोणाची आहे?"

"आपली."

"मग मी न वाचता सही केली, असं म्हणणं आहे तुमचं?"

याचं उत्तर कोणत्याच पाठात नव्हतं. हो म्हणावं तर साहेब उद्धट म्हणून काढणार, नाही म्हणावं तर झोपाळू म्हणून.

"चौकशी होईल," साहेब म्हणाले. "अगदी कायद्याप्रमाणे. ती कशी करतात ते जरा लिहून द्या. इथं दुसऱ्या कोणाला येत नाही."

दिली लिहून. सात पानं. माझ्या गळ्याचा फास मी इतका सुबक वळला, की साहेब म्हणाले, "टायपिंग छान आहे हो तुमचं."

आता आशा एकच, युनियनचे भैय्याजी. त्यांनी मला मिठीच मारली.

"काही घाबरू नको गा. वर्ष झालं, युनियनले एक धड केस नाही भेटली. तुले वाचवतोच. फक्त बचावाचे मुद्दे तेवढे लिहून दे."

मग सकाळी साहेबांसाठी मला अडकवणारे प्रश्न लिहायचे आणि दुपारी भैय्याजींसाठी त्यातून सुटायची उत्तरं. प्रश्न असे जबरदस्त झाले, की दुपारी मला एकाचंही उत्तर येईना. जेवण जाईना.

"भैय्याजी, सरळ सांगा ना, मी झोपलोच नाही म्हणून."

"त्यात काय दम आहे? तुझ्याच पाठात आहे ना, मालकानं वर्षानुवर्षं खपवून घेतलं तं एकाएकी शिक्षा नाही देता येत?"

"आहे, पण..."

"मंग झालं तं. सोड माझ्यावर."

चौकशीच्या दिवशी भैय्याजी छाती काढून उभे राहिले. "साहेब, हा माणूस तीन दिवस झोपला हा आरोप साफ खोटा आहे. हा अकरा वर्षांपासून रोज झोपून राह्यला. मॅनेजमेंटले सगळं माहीत आहे."

लगेच चौदा साक्षीदार आले. सगळे माझ्यावर जीव असलेले. मी कुठे झोपतो, कोणत्या कुशीवर झोपतो, हे एकेकानं गळा भरून सांगितलं. नत्थूजींनी तर डोळे पुसले. "पंखा मीच लावून देत होतो जी." हे सगळं कोपऱ्यात बसून उतरवून घेत होतो मी, कारण जबानी लिहून घेणं दुसऱ्या कोणाला येत नव्हतं.

निकाल लागला. बडतर्फ. तो हुकूमही मीच टाइप केला, तीन प्रतींत.

शरच्चंद्रनं फॉर्मची घडी करून खिशात घातली. त्याचा चेहरा इतका पडला, की मला दया आली.

"अरे, पुढे तर ऐक," मी म्हणालो. "त्या आरोपपत्राची खणात राहिलेली कार्बन प्रत मी दिल्लीला धाडली होती. ती तपासून आली. लाल शाईत शेरा: आरोप मोघम, अशा कागदावर कोणालाही काढता येणार नाही, शंभरपैकी अठ्ठावीस. तो कागद नेऊन साहेबांपुढे ठेवला. साहेब ताडकन उठले, माझा हात हातात घेतला आणि मला गिरणीचा लेबर ऑफिसर केलं."

"म्हणजे काका, तुम्ही लेबर ऑफिसर म्हणून रिटायर झाले?"

मी मान डोलावणार, तेवढ्यात सुपातला हात थांबला.

"अजी, काहून त्या पोराले फसवून राह्यले?" सुमती म्हणाली. "दिल्लीची बाराही पाकिटं माझ्या ट्रंकेत आहेत. एक तरी फोडलं का तुम्ही? नोकरी गेली तवा मी त्या गोपाळरावाच्या घरी दोनदा हात जोडून आली. आरोपपत्र त्यानंच लिहिलं होतं, अन् तुम्ही खरंच झोपून होते."