सगळ्या जहाजानं ऐकलेलं नाव

"राजेश्वरी माझं नाव घेणार! आणि तेही भर समुद्रात!"

ही घोषणा मी आमच्या ईट गावच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात केली, तेव्हा माझा शाळेपासूनचा दोस्त रामलिंग याच्या बशीतला चहा त्याच्याच मांडीवर सांडला.

"गुरुजी, एक येळ तुमची म्हैस उखाणा घेईल," मांडी झटकत तो म्हणाला, "पण वहिनी न्हाय घ्यायच्या!"

त्याचं चुकलं नव्हतं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण राजेश्वरीनं आजवर माझं नाव घेतलं नव्हतं. लग्नात घास भरवताना सगळ्यांनी तिला घेरलं आणि नेमकी लाइट गेली. लाइट आली तोवर तिच्या मावशीनं अंधारातच माझं नाव घेऊन टाकलं होतं! नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिच्या आईनं तिच्या डोक्यात पक्कं बसवलेलं.

त्यात माझं नाव वैजनाथ. म्हणजे परळीच्या देवाचंच. त्यामुळे माझ्यापायी त्या बिचाऱ्या देवाचंही नाव गेलं! आमच्या घरात तो फक्त 'परळीचे म्हाराज'. एकदा रेशनच्या ऑफिसात साहेबांनी हिला नवऱ्याचं नाव विचारलं, तर हिनं भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या महादेवाकडे बोट दाखवलं. साहेबांनी 'शंकर' लिहिलं! ते दुरुस्त करायला मी इतके खेटे घातले की शेवटी तिथला शिपाईसुद्धा मला शंकरराव म्हणायला लागला.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, या वयात हा हट्ट कशाला? सांगतो. आयुष्यभर शाळेत मी हजेरी घेतली. गावातल्या निम्म्या माणसांची नावं मी रोज मोठ्यानं पुकारली. पण माझं? पोरांपासून सरपंचापर्यंत सगळे मला 'गुरुजी' म्हणतात. बायको 'अवो' म्हणते. माझी आई होती तोवर ती मला नावानं हाक मारायची. ती गेली आणि माझं नाव फक्त बँकेच्या मेसेजमध्ये उरलं. एकदा, फक्त एकदा, ते घरच्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. बस!

आणि संधी चालून आली. आमच्या लेकीनं, दीपालीनं, पुण्याहून फोन केला, "पप्पा, तुमच्या दोघांचं जहाजाचं बुकिंग केलंय. मुंबईहून गोव्याकडं. निमूट जायचं!" आमचा आणि समुद्राचा संबंध आजवर मिठापुरता. पण मी लगेच हिशेब मांडला. तिथं गावचं कुणी नाही, सासरचं कुणी नाही, लाजायचं कुणापुढं? शांत निळं पाणी पाहून बायकोचं मन पाघळेल. मी हळूच म्हणेन, "घे की नाव!" आणि ती घेईल.

जहाज बघून राजेश्वरीनं पहिला प्रश्न विचारला, "अवो, हे एवढं थोरलं धूड पाण्यात बुडत कसं न्हाय?"

"शास्त्र आहे त्यात," मी म्हणालो. कोणतं शास्त्र ते मला आठवत नव्हतं.

जहाज सुटल्यावर आम्ही वरच्या डेकवर गेलो. वारा असा की माझं धोतर आमच्या आधीच गोव्याला निघालं होतं! राजेश्वरीनं ताबडतोब पिशवीतून कापूस काढला. हा कापूस तिच्याजवळ कायम असतो. गार वारं सुटलं की माझे कान दुखतात, म्हणून लग्नापासून ती माझ्या कानात स्वतःच्या हातानं बोळे घालत आलीय. तिनं दोन्ही कानांत असे ठासून बोळे बसवले की जहाजाचा भोंगासुद्धा मला डासासारखा ऐकू यायला लागला.

मग ती हातवारे करत काहीतरी बोलली. खुणांवरून मला कळलं ते असं, की एवढ्या मोठ्या पाण्यावर चाललोय, समुद्राला हळदकुंकू वाहिलं पाहिजे, डबीची पिशवी खाली जेवणघरात राहिलीय, ती घेऊन येते, तुम्ही इथून हलू नका.

मी हलणार नव्हतोच! पण म्हटलं, ती येईपर्यंत आपण नमस्कार तरी करून घेऊ. देवापुढं जाताना पायात काही ठेवत नाहीत. मी कठड्याजवळ चपला काढल्या, समुद्राकडे तोंड करून नीट जोडीनं ठेवल्या, हात जोडले आणि मान वाकवली.

तेवढ्यात डोक्यावरची टोपी उडाली!

नवीकोरी टोपी! खास प्रवासासाठी घेतलेली. ती दोन गिरक्या घेऊन खालच्या डेकवर उतरली. मी अनवाणीच जिन्याकडे धावलो. खाली जाऊन बघतो तर टोपी पोहण्याच्या हौदात, आणि एक गोरापान जाडजूड माणूस ती उलटीपालटी करून बघतोय. मी हात जोडले, त्यानं टोपी पिळून दिली. ओली टोपी डोक्यावर चढवून मी माघारी निघालो.

पण माघारी कुठं? जिना सापडेना! सगळे बोळ सारखे, सगळी दारं सारखी, सगळीकडे तोच लाल गालिचा. शिवारात अंधारातही बांध ओळखणारा मी, पण त्या जहाजात पार येडबडून गेलो. दोनदा तर एकाच फुलदाणीला 'ही आणखी एक' म्हणून ओलांडून गेलो.

इकडे वर काय झालं, ते मला नंतर कळलं. राजेश्वरी हळदकुंकवाची डबी घेऊन आली. बघते तर कठड्याजवळ माझ्या चपला. समुद्राकडे तोंड करून, नीट जोडीनं. आणि मी नाही. तिनं चपलांकडे बघितलं, खाली पाण्याकडे बघितलं, आणि जो हंबरडा फोडला, तो ऐकून तिथल्या वाजंत्र्यांनी वाजवायचं थांबवलं!

लोकांनी तिला चौकशीच्या काउंटरवर नेलं. तिथं निकिता नावाची नाशिकची मुलगी होती.

"काकू, रडू नका. काकांचं नाव सांगा, आत्ता माइकवरून पुकारते."

राजेश्वरीनं पदराचं टोक दातात धरलं.

"काकू, नाव?"

"ते... परळीचे म्हाराज असतेत न्हवं, त्येंचंच."

त्या गडबडीत निकिताला परळीचे महाराज कुठले उमगायला! "बरं, तुमचं कार्ड दाखवा. खोलीच्या नंबरावरून काढते."

"कार्डं दोनी बी त्यांच्याच खिशात. नंबर बी त्यांनाच ठावं."

(जबाबदार माणूस ना मी!)

"काकू, तुमच्या नावावरून शोधत बसले तर वेळ जाईल हो! खरंच पाण्यात पडले असतील तर..."

तेव्हा म्हणे राजेश्वरीनं डोळे पुसले, पदर डोक्यावर घेतला, आणि निकिताच्या हातातून माइक ओढून घेतला. मग सगळ्या जहाजात, प्रत्येक बोळात, जेवणघरात, हौदावर तिचा आवाज घुमला:

"ज्वारीच्या भाकरीला दह्याची साथ,
चपला ठिवून कुठं गेलात, माघारी या वैजनाथ!"

एकदा नाही. तीनदा! तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज फुटला, आणि ज्यांना मराठीतलं अक्षर कळत नव्हतं त्या बायकांनीही डोळ्यांना रुमाल लावले.

आणि मी? मी कानात कापूस घालून त्याच फुलदाणीपाशी उभा होतो!

मला एवढंच दिसलं, की लोक अचानक माझ्या अनवाणी पायांकडे बघतायत, हात हलवतायत, तोंडं हलवतायत. मला वाटलं, काय सभ्य माणसं आहेत, अनोळखी माणसाला रामराम घालतात! मीही सगळ्यांना वाकून नमस्कार केला. एकीनं टाळ्या वाजवल्या. मी टोपी काढून त्यांचाही स्वीकार केला. शेवटी एका धिप्पाड सरदारजीनं माझं मनगट धरलं आणि मला ओढत नेलं. मला वाटलं, हौदात टोपी भिजवली म्हणून पोलिसात देतात!

काउंटरजवळ राजेश्वरी उभी होती. माझ्या चपला तिनं छातीशी धरल्या होत्या. ज्या चपला ती घरात उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही, त्या! ती धावत आली, काहीतरी बोलली, मला ऐकूच येईना. मग तिनंच माझ्या दोन्ही कानांतले बोळे उपसले. आणि कान मोकळे झाल्यावर पहिले शब्द ऐकू आले ते हे:

"कुठं उलथला व्हता तुमी!"

निकिता टाळ्या वाजवत म्हणाली, "काका, काय नशीबवान हो तुम्ही! काकूंनी काय सुंदर नाव घेतलं तुमचं!"

"नाव?" मी जवळजवळ ओरडलोच. "माझं? कधी?"

"तीनदा! सगळ्या जहाजानं ऐकलं!"

मी राजेश्वरीकडे वळलो. "पुन्हा घे. एकदाच. मला ऐकू नाही आलं गं!"

"आता कशाला?" ती चपला माझ्या पायांपुढं मांडत म्हणाली. "माणूस हातचं गेलं वाटलं म्हणून घेतलं. आता हायत न्हवं समोर?" मग खालमानेनं, हळूच, "अन् नाव घेतल्यानं तुमचं आयुष्य कमी झालं असंल, तर तेवढं माझ्यातलं घ्या म्हणून तुमी येईस्तवर कठड्याशी जाऊन समुद्राला हळदकुंकू वाहिलंय म्या."

मी खाली बसून चपला घातल्या. जरा जास्तच वेळ लावून घातल्या.

पुढचा सगळा प्रवास अख्खं जहाज मला नावानं हाक मारत होतं. सरदारजी "ओ वैजनाथ जी!" म्हणून मिठी मारायचे. त्या गोऱ्यापान माणसानंसुद्धा 'वॅजनॅट' म्हणून टोपी मागितली. फक्त जिच्या तोंडून ऐकायचं होतं ती 'अवो'वर परत आली होती! दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम हरवलो. कापूस काढून, लाउडस्पीकरच्या बरोबर खाली जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं खरंच राजेश्वरीचा आवाज आला:

"अवो, जेवायला वाढलंय. यायचं तर या, न्हायतर मी बसले!"

डेकवरचे सात-आठ नवरे लगबगीनं जेवायला निघाले. मीही निघालो.

ईटला आल्यावर रामलिंगला सगळं सांगितलं. "ऐकलं कुणी?" तो म्हणाला. "सगळ्यांनी!" "आन् तुमी?" यावर मी चहा मागवला.

परवा संध्याकाळी गार वारं सुटलं. मी ओट्यावर बसलो होतो. राजेश्वरी कापूस घेऊन आली. मी म्हणालो, "नको, राहू दे," तरी तिनं ऐकलं नाही. दोन्ही कानांत बोळे ठासले, अंगठ्यानं नीट दाबले, चुटकी वाजवून खात्री करून घेतली. मग माझ्यासमोर उभी राहिली, आजूबाजूला कुणी नाही ना ते बघितलं, आणि तिचे ओठ हलले.

छोटासाच शब्द होता. मी घाईघाईनं बोळा उपसला.

"काय म्हणालीस?"

"कुठं काय? दूध गरम करू का म्हणलं."

"कर की," मी म्हणालो, आणि बोळा परत कानात घालून तिच्याकडे बघत बसलो.