उजव्या खिशाची बखर

प्रारंभींच अर्ज करितों कीं ही हकीकत कोणी खरी मानणार नाहीं. मानूं नये. आम्ही यष्टींमागें ग्लोव्हज घालोन उभे असतां हें स्वतः पाहिलें, आणि आमचाच आमच्या डोळ्यांवर कित्येक दिवस विश्वास बसला नाहीं, तेथें इतरांची काय कथा! ज्यांस शंका काढावयाची खोड असेल त्यांनी आतांच उठोन बाहेरच्या बाकावर बसावें. आंत शिलाई यंत्राशेजारीं जागा कमी आहे, आणि शंकेखोर माणूस जागा फार अडवितो.

ऐकावयास हजर असामी तीन. पैकीं खासे कातरबहाद्दर, कपडेवाले संघाचे कप्तान, धंदा शिंपीकामाचा, हे यंत्रावर पाय चालवीत बसलेले. दुसऱ्या त्यांच्या कबिल्याच्या वहिनीसाहेब, हातीं काज करावयाचा सदरा. तिसऱ्या धाकट्या सूनबाई, बोटांत अंगुस्तान घालोन गुंड्या लावीत होत्या. सूनबाईंचें माहेर गनिमाच्या गोटांत, म्हणजे चौकांतल्या बेकरीवाल्यांकडे, सबब त्यांची साक्ष या कामीं ग्राह्य धरणें नाहीं, हें आगाऊच लिहोन ठेविलें आहे.

"काका, पुन्हा तीच मॅच?" सूनबाईंनी विचारलें.

"तीच नाही. आज लिहून आणलीये."

"म्हणजे आज जास्त लांबणार," वहिनीसाहेब बोलिल्या, आणि दांतांनी दोरा तोडिला.

तर ते समयीं प्रांतीं मर्यादित षटकांच्या स्पर्धेचा डंका वाजला. वीस षटकें याची, वीस षटकें त्याची, सायंकाळच्या आंत काय तो निकाल, ऐसा ठराव होवोन चहूंकडोन फौजा निघाल्या. बसडेपोवाले आपल्याच बसनें निघाले आणि बस वाटेंत बंद पडोन मैदानीं पोहोंचलेच नाहींत, तेव्हां ती लढाई आम्ही बसल्याजागीं जिंकिली. मग दंतवैद्यांचे संघाशीं गांठ पडली, ते मोठे हुशार, परंतु त्यांचा सलामीवीर झेल घेतेवेळीं सवयीनें "आऽऽ करा" ऐसें ओरडला, आणि शेजारचा क्षेत्ररक्षक खरोखरच आ वासोन उभा राहिला, आणि झेल दोघांच्या मधोन गेला. ऐसें करीत करीत, एकाची बस आणि एकाचा जबडा यांच्या बळावर, कपडेवाले अंतिम सामन्यास येवोन ठेपले. संघांत दोन शिंपी, एक रफूवाला, पडदेवाले बंधू, बाकी सारे धुण्याइस्त्रीचे, आणि बंदा लेखक इस्त्रीवाल्यांपैकींच.

समोर गनीम कोण, तर बेकरीवाले. भट्टीपाशीं उभें राहोन राहोन ज्यांचे दंड लोखंडासारखे जाहले, आणि कणीक मळतां मळतां ज्यांची मनगटें ऐसीं वळतात कीं चेंडू कोठें जाईल हें चेंडूसही ठाऊक नसतें. त्यांचे कप्तान भट्टीबहाद्दर, देहानें पोत्यासारखे, हंसले म्हणजे आधीं पोट हंसे आणि मग तोंड. हे सूनबाईंचे तीर्थरूप.

उभय पक्षांनी पंच म्हणोन एका पुरुषाचें नांव घेतलें, तें हेडमास्तरसाहेबांचें. त्यांची जरब काय सांगावी! मैदानावर उभा असलेला एकूण एक योद्धा, या पक्षाचा वा त्या पक्षाचा, त्यांच्या हातची छडी खावोन मोठा जाहला होता. त्यांनी बोट वर केलें म्हणजे फलंदाज बाद तर होतच असे, वर कान पकडूं काय म्हणोन विचारीत असे. ऊन असो वा वारा, साहेब काळा कोट घातल्यावांचून पंचगिरी करीत नसत. आणि चेंडू मोजण्याची त्यांची रीत जगावेगळी. कोटाच्या डाव्या खिशांत मूठभर गुंड्या ठेवावयाच्या, एक चेंडू पडला कीं एक गुंडी उजव्या खिशांत टाकावयाची, मग उजव्यांत हात घालोन चांचपोन पाहावयाचें, आणि तेथें सहा भरल्या कीं "ओव्हर!" ऐसें फर्मावोन साऱ्या पुन्हा डाव्यांत. कोणी तोंडीं हिशेब सांगूं गेल्यास त्यांचें एकच उत्तर ठरलेलें, "मी खिसा मोजतो. खिसा खोटं बोलत नाही."

आतां त्या खिशाची उत्पत्ती ऐकावी. साहेबांचा जुना कोट विटला, तेव्हां त्यांनी नवा कोट कातरबहाद्दरांकडे टाकिला आणि अंतिम सामन्याचे दिवशीं सकाळीं हवा ऐसी ताकीद दिली. कप्तानांचे मनीं तर रात्रंदिवस एकच मसलत, कोण कोठें उभा करावा. कापडावर मापाचा खडू फिरे आणि मापाऐवजीं क्षेत्ररचना उमटे. डाव्या बाहीवर थर्ड मॅन, पाठीवर लाँग ऑन, आणि कॉलरपाशीं बंदा लेखक. मग उजवा खिसा कच्च्या दोऱ्यानें टांचिला, आतां त्यावर यंत्राची टीप मारावयाची, इतक्यांत मनांत आलें कीं भट्टीबहाद्दर मागें वळोन मारितो, तेथें पडदेवाला धाकटा उभा करावा. या आनंदांत मसलत पक्की जाहली आणि खिसा कच्चाच राहिला. खडू झटकोन, इस्त्री फिरवोन, कोट रवाना जाहला.

आणि दुकानाचे दारावर पाटी कोणती? वडिलांनी स्वतः रंगवोन घेतलेली. "आमचा टाका उसवत नाही."

"पाटीचं कशाला मध्येच?" यंत्रावरोन कप्तानांनी पृच्छा केली.

"लागणार आहे पुढे. पाय चालू दे तुझा."

मग सामना सुरू जाहला. आमचे लोकांनी पहिल्यानें फलंदाजी करोन कशाबशा धावा जोडिल्या. त्याचें विस्तारें वर्णन करीत नाहीं, कारण बंदा लेखक शून्यावर बाद जाहला आणि त्यानंतर त्याचें मन लागेना. मग गनीम चालोन आला. गडी बाद होत गेले, धावा होत गेल्या, सूर्य कलला, आणि अखेरचें षटक येवोन उभें राहिलें तेव्हां बेकरीवाल्यांस दहा धावा हव्या, शेवटची जोडी मैदानांत, समोर स्वयें भट्टीबहाद्दर. दोन्हीं बाजूंचे लोक सरसावोन बसले. तेव्हां कातरबहाद्दरांनी चेंडू आपले हातीं घेतला आणि कमरेस खोंचलेला दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा, धावतांना टोंचूं नये म्हणोन, पंचांपाशीं ठेवावयास दिला. साहेबांनी तो उजव्या खिशांत टाकिला. हें एक कृत्य ध्यानीं ठेवावें.

सहा चेंडू पडले. ऐसे टाकिले कीं सुईंत दोरा ओवावा. गनिमास चारच धावा निघाल्या. लढाई जिंकिली! आमचे लोक नाचूं लागले, पडदेवाले बंधू एकमेकांच्या गळ्यांत पडले, बंदा लेखकानें यष्ट्या उपटावयास हात घातला. तों पंचांनी उजवा खिसा चांचपला, भुंवया चढविल्या, आणि फर्मान सोडिलें कीं षटक संपलेलें नाहीं, पुढचा चेंडू टाकावा.

सीमेवर फळा घेवोन धावा लिहावयास वहिनीसाहेब बसल्या होत्या. त्या तेथोनच ओरडल्या, "अहो सर, सहा झाले की! मी मोजलेत!"

"घरचा साक्षीदार चालत नाही," साहेब म्हणाले. "खिशात दोन आहेत."

सातवा पडला. दोन धावा गेल्या. खिशांत तीन. आठवा पडला. खिशांत पुन्हा दोन. नववा, दहावा, कधीं तीन, कधीं एक, सहा कांहीं भरेनात, आणि गनीम एकेक धाव वेंचीत निघाला. भट्टीबहाद्दरांनाही चमत्कार वाटला, परंतु शाळेंत असल्यापासोन साहेबांस हिशेब विचारण्याची त्यांची छाती नव्हती, आणि चेंडू फुकट मिळत असतां विचारतो कोण? आमचे लोक एकमेकांकडे पाहों लागले. रफूवाला हळूच म्हणाला, "कोणीतरी बोला रे." सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलें.

ऐसें करतां करतां गनिमास दोनच धावा उरल्या.

पुढला चेंडू टाकावयास कातरबहाद्दर वळले, आणि पंचांच्या बाजूनें जातां जातां त्यांचे कानीं एक नाद आला. साहेबांनी अंग हालविलें आणि कोटाच्या घेरांतून, अगदीं खालच्या दुमडीपासोन, छुण्ण ऐसें वाजलें. किल्ल्या. खिसा वर, आणि किल्ल्या खालीं! दुसऱ्या कोणास त्या नादांत कांहींच कळलें नसतें. परंतु शिंप्यास तेवढ्यानें सारें कळलें. जुडग्याच्या वजनानें कच्चा दोरा तुटला, किल्ल्या अस्तरांत उतरल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ गुंड्याही एकेक करोन पाताळांत चालल्या.

तेव्हां कप्तान जागींच थिजले. बोलावें, तर लढाई आपली. साहेबांस तोंडाचा हिशेब चालत नाहीं, अस्तर उलटें करोन दाखविणें हाच पुरावा. परंतु तो दाखवावयाचा म्हणजे भर मैदानांत कबूल करणें कीं आमचा टाका उसवला, तोही पहिल्याच दिवशीं, तोही हेडमास्तरांच्या कोटाचा! मैदानाभोंवतीं बसलेला निम्मा प्रांत त्यांच्याच हातचे कपडे घालोन बसलेला. वडिलांची पाटी डोळ्यांपुढें आली. न बोलावें, तर अकरा गड्यांची मेहनत बेकरीच्या भट्टींत. चेंडू हातांत फिरत राहिला आणि पंच म्हणाले, "झोप लागली का? टाक!"

येथें यंत्राचा पाय थांबला.

मग त्या शूर पुरुषानें काय केलें? चेंडू भुईवर ठेविला. टोपी काढिली. सर्व फौजेच्या देखत दोन पावलें पुढें होवोन खणखणीत आवाजांत बोलिले, "सर, हात वर करा. तुमचा उजवा खिसा कच्चा आहे. मीच शिवलाय, टीप मारायची राहिली. खिसा माझा, भोक माझं."

"असं म्हणालो होतो मी?" कप्तानांनी यंत्रावरोन हळूच विचारलें.

"म्हणालात," वहिनीसाहेब वर न पाहतां बोलिल्या. "वाचू द्या त्यांना."

मग पंचांनी कोट उतरविला, उलटा धरिला, हालविला, आणि अस्तराच्या फटींतून किल्ल्यांचा जुडगा आणि मागोमाग गुंड्यांचा पाऊस पडला. साहेबांनी गुडघे टेंकोन त्या स्वतः मोजिल्या, आणि आयुष्यांत प्रथमच शिष्यांपुढें म्हणाले कीं गणित चुकलें. तत्क्षणीं मैदानाभोंवतीं एक अद्भुत प्रकार घडला. बसलेले सारे लोक एकदम उठोन आपापले खिसे चांचपूं लागले. कोणी सदऱ्याचा, कोणी विजारीचा, एकानें तर शेजाऱ्याचाही चांचपिला. आणि सर्वांचे खिसे शाबूत! तेव्हां ऐसा गजर जाहला कीं भट्टीबहाद्दरांच्या हातची बॅट गळाली, आणि त्यांनी पुढें होवोन कातरबहाद्दरांस कडकडोन मिठी मारिली आणि म्हणाले, "शिंपीदादा, आजपासून माझे सगळे कपडे तुझ्याकडे!"

"बाबा?" सूनबाईंची सुई थबकली. "आमचे बाबा असं म्हणाले?"

गनिमाच्या गोटांतील प्रश्नास उत्तर देण्याचा रिवाज नाहीं, सबब पुढें वाचलें.

मग सहाव्या चेंडूपुढील सर्व धावा पंचांनी रद्द केल्या, सामना कपडेवाल्यांचे पदरीं घातला, आणि एका बाजूचा कान वांकडा ऐसा तो रुपेरी कप कप्तानांचे हातीं दिला. कप्तान तो मिरवीत दुकानीं आले, आणि आल्याबरोबर स्टूल मागवोन वडिलांची पाटी स्वहस्तें उतरविली, कीं खोटी पाटी दारावर शोभत नाहीं. मग आंत, वरच्या फळीवर, कपाची स्थापना जाहली. ऐसी ही फत्ते जाहली, ती ज्यांनी पाहिली त्यांनी लिहिली, सत्याचा टाका सोडिला नाहीं, कल्पनेचें ठिगळ लाविलें नाहीं, आणि पुढील पिढ्यांनी शंका न घेतां—

"काका, थांबा."

सूनबाईंनी सदरा मांडीवर ठेविला. वर फळीकडे पाहिलें. फळीवर दोऱ्याचीं रिळें होतीं.

"तो वाकड्या कानाचा कप माझ्या माहेरी आहे. मी लहान असल्यापासून बघतेय. आई त्यात लाटणी उभी करून ठेवते." आणि अंगुस्तान घातलेलें बोट दाराकडे वळविलें. "आणि ही पाटी कुठे उतरवली? सकाळी मीच पुसलीये ती!"