विरी गेलेलं पीठ

लेकानं, रामनं, नांदेडहून घरघंटी आणली आणि चंद्रभागाबाईंचं गिरणीत जाणं बंद झालं. आखाडा बाळापुरात सोनाजीच्या गिरणीतल्या पोत्यांच्या थप्पीवर त्यांची सासूच्या काळापासूनची बैठक. कोणाची पोरगी कुठं दिली, कोणाची सून उशिरा उठते, सगळे निवाडे तिथंच व्हायचे. आता दळण घरातच, तर जायचं कोणत्या तोंडानं? दळणाशिवाय गिरणीत बसते ती रिकामटेकडी, असं त्यांनीच तिथं कितीजणींना सुनावलं होतं.

कसाबसा आठवडा काढला. मग एका सकाळी सून सीमा पाण्याला गेलेली पाहून त्यांनी मडक्यातलं जुनं, विरी गेलेलं, चिकटपणा न उरलेलं पीठ ताज्या पिठात कालवलं. सीमा थापायला बसली, तर भाकरी परातीतच तुटायला लागली.

"मशीन पीठ बिघडून राहिली," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"नव्या मशीनला काय होतंय, माय?" रामनं तुकडा चिवडला. "ज्वारीच खराब हाय. म्हशीला घालू."

चंद्रभागाबाईंना ठसका लागला. ज्वारी त्यांच्या वावरातली, स्वतः मचाणावर बसून राखलेली. दुपारी शेजारच्या मंजुळाबाईनं कुडावरून विचारलंच, "काहो बाई, तुमची ज्वारी म्हशीला घालून राहिले म्हने?"

खरं सांगावं तर सुनेपुढं मान खाली. त्यांनी तडक डबा उचलला, गिरणी गाठली आणि भरल्या गिरणीत सांगितलं, "ज्वारी मोत्यावानी हाय. मशीनच करंटी."

सोनाजीच्या पिठाची भाकरी टम्म फुगली. राम हरला. बाजाराच्या दिवशी घरघंटी घराबाहेर गेली.

पुढच्या दळणाला चंद्रभागाबाई थाटात थप्पीवर बसल्या. पण मोठा पट्टा गप्प होता.

"काहून बंद, सोनाजी?"

"लाईट कमी येऊन राहिली, वैनी. मोठी मोटार उचलत न्हाई. म्हून रामकडून तुमची घरघंटी आनली."

मंजुळाबाईनं आपला डबा मागं ओढला. "हिच्यात न्हाई बाई. ही पीठ बिघडवती, बाईच म्हनल्या." बाकीच्या बायाही डबे उचलून दाराकडं निघाल्या. वारंगा फाट्याला नवी गिरणी झालीच होती. सोनाजीचा चेहरा पडला. गिरणी बसली की थप्पीही गेली.

"थांबा गं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "मशीन बराबर हाय."

"मंग ज्वारी खराब होती?"

"ज्वारीबी बराबर."

"मंग भाकरी काहून तुटली?"

सुनेच्या हातावर ढकलायला त्यांनी तोंड उघडलं, तर दारात सीमाच उभी. विसरलेलं डब्याचं झाकण द्यायला आली होती.

"बोला ना, आत्याबाई," ती शांतपणे म्हणाली. "मलाबी ऐकायचंय."

चंद्रभागाबाईंनी पदर सारखा केला. इतका वेळ पदर सारखा करताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं.

"त्या दिशी मीच थापत होते," त्या भिंतीकडं बघत म्हणाल्या. "हात उतरला माझा. सुनेनं थापली असती तर तुटली नसती."

बायांनी डबे पुन्हा रांगेत लावले. घरघंटी घरघरू लागली. सीमानं झाकण डब्यावर ठेवलं.

"सरका जरा," ती म्हणाली आणि थप्पीवर सासूच्या शेजारी बसली.