जिजाबाईंची वाटी आणि मिथुन राशीतला तारा

चारुशीलाला स्वतःच्या एका गुणाबद्दल तिळमात्र शंका नव्हती. जगातली कितीही अवघड गोष्ट असो, आपण ती कुणालाही समजावून सांगू शकतो! "ज्याला समजावून सांगता येत नाही, त्याला विषयच समजलेला नसतो," असं ती कॉलेजात, घरात, पाणीपुरीच्या ठेल्यावर, मिळेल तिथं ऐकवायची. पुढं जो घोटाळा झाला त्यात तिचा दोष म्हणाल तर एवढाच, की तिनं विषय खरोखर समजावून सांगितला. अख्ख्या गल्लीला समजला. जरा जास्तच समजला!

विषय साधासुधा नव्हता. मिथुन राशीत एक तारा आहे. एक म्हणायचं, पण असतात ते दोन, एकमेकांना चिकटून राहणारे. ही जोडी एरवी इतकी मंद असते, की चारुशीलाच्या दुर्बिणीतूनही दिसत नाही. पण तीन-चार महिन्यांतून कधीतरी, तिच्या मर्जीला येईल तेव्हा, अचानक भडकते. त्या भडकण्याची सुरुवात पकडायची, लगेच कळवायचं, म्हणजे जगभरच्या मोठ्या दुर्बिणी तिकडं वळतात. आपल्याकडं संध्याकाळ असते तेव्हा अमेरिकेत ऊन असतं, त्यामुळं तेवढा वेळ पहारा आपला. चारुशीलाचे ऋषिकेश सर म्हणाले होते, "सुरुवात तू स्वतः पकडलीस, तर तुझ्या प्रबंधात जीव येईल. मे संपला की तारा सूर्याआड जाणार, मग बस पावसाळाभर हात चोळत."

आता पहाऱ्याला गच्ची हवी. इंदोरा वस्तीतल्या त्या गल्लीत चारुशीलाच्या घरावर टिनाचं छप्पर. पश्चिमेचं आकाश मोकळं दिसेल अशी स्लॅबची गच्ची एकच, जिजाबाईंची. जिजाबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. एकट्या राहायच्या. उंचीनं जेमतेम खिडकीच्या गजाएवढ्या, पण आवाज असा, की दवाखान्यात बेशुद्ध पेशंटसुद्धा उठून बसायचे म्हणे! चारुशीला रोज सांजेला गच्चीवर दुर्बीण लावायची आणि जिजाबाई कठड्याशी उभ्या राहून गल्लीला दम भरायच्या.

"कोणाचा लाइट जळून राहिला गा? बंद कर! पोट्टी अभ्यास करून राहिली वर!"

पटापट दिवे विझायचे. मग जिजाबाई विचारायच्या, "दिसलं काही?"

"नाही मावशी. आज काहीच नाही."

"बरं, उद्या पाहू," असं म्हणून त्या खाली उतरायच्या, वाटी घ्यायच्या आणि शेजारच्या कांताबाईंकडं साखर मागायला जायच्या.

ही वाटी गल्लीत प्रसिद्ध होती. कांताबाईंचं घर भरलेलं. नवरा नत्थूजी कळमन्याच्या बाजारात अडतीवर कामाला, त्यामुळं कांदे-बटाटे, संत्री, काही ना काही सतत येत असायचं. कांताबाईही त्या घरासारख्याच, ऐसपैस आणि शांत. जिजाबाई रोज काहीतरी मागायच्या. साखर, चहापत्ती, सांबार म्हणजे कोथिंबीर, दोन मिरच्या. परत करायचा प्रश्नच नव्हता. आणि महिन्यातून एकदा, काही कारण नसताना, त्याच कांताबाईंवर असा आवाज चढवायच्या, की चौकापर्यंत ऐकू जावं. दुसऱ्या दिवशी वाटी पुन्हा हजर!

तर एप्रिल आला. जयंतीनिमित्त विहारात आठवडाभर व्याख्यानं ठेवलेली. चारुशीलाचे बाबा, प्रेमानंद, कार्यक्रमाचे संयोजक. त्यांनी मोठ्या अभिमानानं पोरीचं नाव घातलं.

"सोपं सांगजो बाप्पा," ते म्हणाले. "लोकायले झोप नाही आली पाहिजे."

"बाबा, एकाला जरी डुलकी लागली तर नाव बदलून ठेवा माझं!"

हॉल भरला होता. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, पंखे घरघरत होते. पहिल्या रांगेत जिजाबाई, शेजारी कांताबाई. चारुशीलानं पडद्यावर चित्र लावलं आणि सुरू झाली.

"दोन तारे आहेत. शेजारी-शेजारी, अगदी भिंतीला भिंत. एक मोठा, ऐसपैस, थंड. दुसरा म्हातारा, आकसून एवढासा झालेला, पण फार तापट!"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. चारुशीलाला हुरूप आला. लोकांना गोडी वाटते आहे!

"हा छोटा काय करतो? मोठ्याकडचं सामान ओढतो. थोडं थोडं, रोज. विचारत नाही, परत करत नाही!"

आता दोन-तीन माना वळल्या. चारुशीलाचं लक्ष पडद्याकडं.

"ओढलेलं सामान तो लगेच पोटात घालत नाही. स्वतःभोवती जमवतो, गोल गोल फिरवतो. साचत जातं, साचत जातं, आणि एक दिवस असा भडकतो, असा भडकतो, की शंभरपट उजेड! साऱ्या जगाला दिसतो. मग आपोआप शांत. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी घेऊन शेजारी हजर!"

ती 'वाटी' तिच्या तोंडून कशी निघाली, कुणास ठाऊक. पण निघाली. हॉलमध्ये असा हशा पिकला, की पंख्यांचा आवाज बुडाला.

"अशा ताऱ्याला म्हणतात श्वेत बटू," चारुशीलानं आनंदात ठोकून दिलं. "श्वेत म्हणजे पांढरा. बटू म्हणजे ठेंगणा."

ठेंगण्या जिजाबाई पांढऱ्या साडीचा पदर सावरत उभ्या राहिल्या. ज्या बाईचा आवाज चौकापर्यंत जायचा, ती बाई गप्पपणे चपला घालून निघून गेली. तेव्हा कुठं चारुशीलाच्या डोक्यात प्रकाश पडला. पुढची चित्रं तिनं कशी दाखवली, तिलाच आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांताबाईंच्या ओट्यावर भली मोठी साखरेची पिशवी, चहापत्तीचा पुडा आणि मिरच्यांचा ढीग! जिजाबाई ठेवून गेल्या होत्या. कांताबाई तणतणत चारुशीलाकडं.

"काहून वं, म्या कधी परत मागतलं होतं का? अन् मोठा, ऐसपैस तारा म्हणजे कोण? मी जाडी आहो हे सांगाले विहारात नेलं का मले?"

"काकू, तो वायूचा गोळा आहे हो!"

"आता गोळाबी म्हणून राहिली!"

तिथून लोण पसरलं. ज्यानं त्यानं आपल्या घरात बघितलं, तर शेजाऱ्याचं काही ना काही सापडलंच. कुणी शिडी परत केली, कुणी कुकर, कुणी कूलरची मोटर. एकानं तर लग्नात नेलेली सतरंजी धुऊन, घडी करून पोचवली आणि वर ऐकवलं, "घ्या बाप्पा, आमी नाही श्वेत बटू!" दोन दिवसांत जो तो आपापल्या सामानासकट आपापल्या घरात. कुणाचं कुणावाचून अडेना, त्यामुळं कुणी कुणाच्या दारातही जाईना. एवढी बडबडी गल्ली, पण सुट्टीतल्या शाळेसारखी सुनसान झाली.

प्रेमानंद डोक्याला हात लावून म्हणाले, "पोरी, एकालेबी झोप नाही आली. मानलं तुले!"

जिजाबाईंच्या गच्चीच्या दाराला कुलूप लागलं. चारुशीला माफी मागायला गेली, तर दार अर्धंच उघडलं.

"मावशी, तो तारा म्हणजे तुम्ही नाही हो. तो कोट्यवधी वर्षांचा म्हातारा असतो."

"अस्सं! म्हणजे मी त्याच्यापेक्षा थोडी जवान हाये, हे सांगाले आली का?" दार बंद!

दम द्यायला जिजाबाई नाहीत म्हटल्यावर गल्लीत रात्रभर दिवे. चारुशीलानं अंगणातून पाहून बघितलं, टिनावर चढून बघितलं. टिन वाजलं, आईनं चोर म्हणून लाटणं उचललं. तारा काही दिसेना. ऋषिकेश सरांचा फोन आला, "बरेच दिवस शांत आहे, आता कधीही उठेल. लक्ष आहे ना?" ती "हो सर" म्हणाली आणि फोन ठेवून रडली. अर्धं रडणं प्रबंधासाठी होतं. उरलेलं "दिसलं काही?" असं विचारणारं कुणी राहिलं नव्हतं, त्यासाठी होतं.

शेवटी एका दुपारी तिनं घरातली एक वाटी उचलली आणि जिजाबाईंची कडी वाजवली.

"काय हाय?"

"मावशी, थोडी साखर देता का?"

जिजाबाई बघतच राहिल्या. त्यांच्याकडं आजवर कुणी काही मागितलं नव्हतं. त्या आत गेल्या. मागोमाग चारुशीला. आणि फळीवर बघते तो काय, साखरेचा डबा काठोकाठ भरलेला! शेजारी चहापत्ती. टोपलीत मिरच्या.

"मावशी, एवढी साखर घरात असताना तुम्ही रोज काकूंकडं..."

"मंग काय करू वं?" जिजाबाई तिच्याकडं न बघता म्हणाल्या. "दवाखान्यात दिवसभर माणसं राहत होती. आता सांज झाली का घर खायले येते. रिकाम्या हातानं जाऊन 'माह्याशी बोल' असं म्हणता येते का कोणाले? वाटी असली का बसाले तरी सांगतात."

जिजाबाईंचा हात धरून चारुशीला म्हणाली, "मावशी, त्या दोघांचं देणं-घेणं बंद पडलं ना, तर तो तारा भडकणारच नाही. दोघंही अंधारात. कुणाला दिसणार नाहीत, कुणी बघणारही नाही. दोघं एकत्र आहेत म्हणून तर जग जागून वाट बघतं. आणि तो छोटा असला तरी वजनानं मोठ्यापेक्षा भारी असतो!"

"हे भाषणात काहून नाही सांगतलं?"

"सांगणारच होते! पुढच्याच चित्रात होतं. तुम्ही उठून गेलात ना!"

जिजाबाईंनी वाटी शीग लावून भरली, वर गच्चीची किल्ली ठेवली.

"वजनानं भारी, हे कांतेले सांगजो. अन् वाटी घेऊन पुन्हा येजो!"

त्या सांजेला गच्चीवरून आरोळी उठली, "कोणाचा लाइट जळून राहिला गा!" आणि गल्लीनं काय करावं? आनंदानं अंधार केला! दिवा विझवता विझवता कांताबाईंनी हाक मारली, "बाई, चहा ठेवला हाये वं, साखर घेऊन या!" दुसऱ्या दिवशी शिडी पुन्हा उसनी गेली, कुकरही गेला.

पुढं कितीतरी सांजा चारुशीला काहीच न दिसल्याचं कळवत राहिली. आणि मे उतरणीला लागला असताना, एका संध्याकाळी, दुर्बिणीत रोज जिथं काळोख असायचा तिथं एक टपोरा ठिपका! तिनं डोळे चोळले, नकाशा ताडून बघितला, सरांना कळवलं, आणि मग मात्र तिला राहवलं नाही. सारी गल्ली दणाणून सोडत ती ओरडली, "भडकलं! भडकलं! या रे सगळे, भडकलं!"

धडाधड दारं उघडली. नत्थूजी हातातला घास घेऊनच धावले. प्रेमानंद अनवाणी आले. कांताबाई अंगणात येऊन, पदर खोचून, गच्चीकडं मान वर करून म्हणाल्या, "बाई, शांत व्हा वं! आज कोणावर भडकल्या?"

कठड्याशी चहाचा कप घेऊन गुमान उभ्या असलेल्या जिजाबाईंनी आकाशाकडं बोट दाखवलं.

"मी नाही वं, कांते! वरचा हाये तो!"