अख्ख्या सुरमईचं ताट

समुद्र कोल्हापूरच्या जेवणाच्या वेळा पाळत नाही, ही बाब आता गांभीर्याने घेण्याची वेळ आली आहे.

कृष्णातच्या खानावळीत एकच थाळी मिळते: अख्खी सुरमई, डोक्यापासून शेपटीपर्यंत ताटात. तुकडा वाढणं म्हणजे गिऱ्हाइकाचा अपमान, हे इथलं सर्वमान्य तत्त्व. ताट बारा इंची आणि पूर्ण वाढ झालेली सुरमई हातभर लांब, म्हणून मासा पिल्लूच लागतो. (त्याला 'कोवळा' म्हणायचं. पिल्लू म्हटलं की घास अडकतो.)

यंदा मात्र पिल्लं येईनात. समुद्राचं पाणी तापलं, तळाचं गार पाणी वर आलंच नाही, किनाऱ्यालगत पिल्लांना खायला काही पिकलं नाही, तेव्हा ती भलतीकडेच गेली. घाट चढून नुसत्या बर्फाची खोकी येऊ लागली. खानावळ बंद पडायची वेळ आली. कृष्णात अगदी रडकुंडीला आला.

मग गिऱ्हाइकांनी समुद्र चौकशी समिती नेमली. अध्यक्ष अमरसिंह (समुद्र एकदा पाहिलेला; एसटीतून, अर्धवट झोपेत). समितीने एक्केचाळीस जेवणाऱ्यांची मतं घेतली. अडतीस जणांनी समुद्राला दोषी धरलं, दोघांनी घाटाला. एकाचं तोंड भरलेलं होतं.

साक्षीला मासेवाल्या चिमणाबाईंना बोलावलं.

"दर्या तापलाय ते खरं हाय, पावणं," त्या म्हणाल्या. "पर आज तापलाय, उद्या निवंल. मागारी यायला पिल्लं तर उरली पायजेत न्हवं? अंडी घालायच्या आधीच तुम्ही त्येंच्यावर लिंबू पिळताय. मोठी घ्या, तुकडं करून खावा की."

साक्ष विषयाला सोडून असल्याने नोंदवली गेली नाही.

कृष्णातनं तरी एक दिवस धाडस केलं. मोठी सुरमई आणली, जाड तुकडे तळले, हौसेनं वाढले. सदतीस जण ताटावरून उठले.

समितीने त्यावर एकमताने तोडगा काढला. समुद्र ऐकत नसेल तर ताट लहान करावं. नऊ इंचांत आणखी बोटभर लहान पिल्लूसुद्धा अख्खं आणि भरल्यासारखं दिसतं.

नवी ताटं काल आली. कृष्णात पुन्हा हसायला लागलाय. चिमणाबाईंनी एक ताट हातात घेऊन वितीनं मोजलं आणि खाली ठेवलं.

बाकी, त्या सदतीस जणांत तुम्हीही होता. "अख्खी नसंल तर ऱ्हाऊ दे," म्हणत पहिले तुम्हीच उठलात. म्हणून पहिलं ताट तुमच्यासाठीच राखून ठेवलंय. या, आणि शेपटी मावते का तेवढं बघून घ्या.